टमाटर महागले तं माझा हप्ता काऊन वाढते? आरबीआयचं डोकं चालते तरी कसं?

बेसा_रोडवाला
नमस्कार मंडळी, प्रश्न लांब आहे, आधीच माफी मागून घेतो. २०२१ मध्ये बेसा रोडला फ्लॅट घेतला, ३० लाखाचं लोन, २० वर्षं, व्याज ६.७ टक्के, हप्ता २२,७०० च्या आसपास. तेव्हा सगळे म्हणून राहिले होते की इतकं स्वस्त लोन पुन्हा मिळणार नाही, घेऊन टाक. घेऊन टाकलं. मग मे २०२२ पासून आरबीआयनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, वाढवायला जी सुरुवात केली ती फेब्रुवारी २०२३ पर्यंत, ४ चा साडेसहा करून सोडला, आणि माझा हप्ता २७ हजाराच्या वर. दर वेळी टीव्हीवर तेच, महागाई आटोक्यात आणायला व्याजदर वाढवला. मग २०२३ च्या पावसाळ्यात टमाटरनं दीडशे गाठले, बायको गोकुळपेठ मार्केटमधून पाव किलो घेऊन परत आली, त्यात माझा काय गुन्हा? माझा हप्ता वाढला म्हणून झाडाला जास्त टमाटर लागते का?

दुसरं म्हणजे लहान भाऊ. मेकॅनिकल डिप्लोमा, बुटीबोरीला एका युनिटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होता, २०२३ च्या दिवाळीनंतर कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलंच नाही. तेव्हापासून मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसते. अमेरिकेत म्हणे बेरोजगारीचा आकडा आला की त्यांची बँक हलते, आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या तोंडून नोकरी हा शब्द मी तरी ऐकला नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई पाव टक्का, त्याआधीच्या तिमाहीचा विकासदर ८.२ टक्के, सगळं झकास, मग आमचा पोट्टा घरी काऊन? हे लोक बसून नेमकं पाहतात काय? संविधान चौकातून रोज जातो, तिथल्या आरबीआयच्या बिल्डिंगकडे पाहून हाच विचार येते.

तर्री_मार_के
तिथल्या नागपूरच्या ऑफिसात रेपो ठरत नाही भाऊ, तो मुंबईत ठरते. उगाच चौकात गाडी थांबवू नको, चालान कटंल.

मास्तर_अर्थवाले
मी कॉलेजात हाच विषय शिकवतो, लांबेल पण वाचा.

पहिले एक दुरुस्ती. टमाटर दीडशे झाले तेव्हा आरबीआयनं दर वाढवलाच नव्हता. जुलै २०२३ ची महागाई ७.४४ टक्के आली होती, आदल्या महिन्यात ४.८७, म्हणजे एका महिन्यात एवढी उडी, तरी रेपो साडेसहावरच राहिला. कारण साधं आहे, भाजीचं पीक दोन-तीन महिन्यांत परत येतं. व्याजदराचा परिणाम पोचायला वर्ष-वर्ष लागतं, तो पोचेल तोवर शेतकरी टमाटर रस्त्यावर फेकत असतात. अशा वेळी हे लोक दात-ओठ खाऊन गप्प बसतात.

उन्हाळ्यात आपण कूलर लावतो ना, बटन दाबलं की लगेच खोली थंड होत नाही, ताट्या भिजायला वेळ लागतो. रेपोचं तसंच. आधी बँकांचे दर, मग तुमचा हप्ता, मग तुम्ही नवीन गाडी पुढे ढकलता, मग गाडीवाला दोन माणसं कमी ठेवतो, मग भाव वाढवायची त्याची हिंमत कमी होते. आणि दुसरं, जुलैत पाऊस पडल्यावर उमस असते तेव्हा हाच कूलर लावला तर अजून चिकचिक होते, होते की नाही? पुरवठा कमी पडल्यामुळे आलेली महागाई म्हणजे ही उमस, तिथे कूलर चालत नाही. मागणी जास्त झाल्यामुळे आलेली महागाई म्हणजे मे महिन्यातलं कोरडं ऊन, तिथे चालतो. पंचाईत अशी की खऱ्या आयुष्यात दोन्ही एकत्र येतात आणि बाहेर बघून लगेच कळत नाही कोणतं किती.

२०२२ मध्ये तेच झालं. युक्रेनचं युद्ध सुरू, सूर्यफुलाचं तेल अडकलं, एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली, कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर. हे सगळं उमसच. पण त्याच वेळी कोविडनंतर सगळं उघडलं होतं, लोक खर्च करत होते, महागाई जवळपास ७ टक्के आणि रेपो ४, म्हणजे कर्ज घेणाऱ्याला महागाई वजा केली तर पैसे जवळजवळ फुकट. म्हणून ४ मे २०२२ ला ठरलेली बैठक नसतानासुद्धा अचानक बसून ०.४० नं दर वाढवला. तुमचा हप्ता तिथून चढला, टमाटरमुळे नाही.

बेसा_रोडवाला
मास्तर कूलरचं डोक्यात बसलं. पण मग उमसच होती ना अर्धी, तरी कूलर काऊन लावला? तेलाच्या बाटलीवर माझ्या हप्त्याचा काय असर?

तर्री_मार_के
याचं उत्तर मी देतो, शिकलेला नाही पण पोहे रोज खातो. माझ्या रोजच्या ठेल्यावर तेल महाग झालं म्हणून प्लेट २० ची २५ झाली, मग सिलेंडर महाग म्हणून ३०. तेल उतरलं. प्लेट? प्लेट तिथंच आहे बे. विचारलं तर म्हणते पोऱ्याचा पगार वाढवला, पोऱ्याला विचारलं तर म्हणते खोलीचं भाडं वाढलं.

मास्तर_अर्थवाले
तर्रीभाऊ, माझं एक लेक्चर वाचवलंत. आरबीआयला तेलाची भीती नसते, प्लेटची असते. तेलाचा भाव वर जातो आणि खाली येतो, पण तो प्लेटमध्ये, पगारात, भाड्यात, ट्युशनच्या फीमध्ये शिरला की बाहेर निघत नाही. म्हणून ते अन्न आणि इंधन वजा करून उरलेली महागाई वेगळी पाहतात. आणि लोकांना काय वाटतं तेही पाहतात, गंमत नाही, दर दोन महिन्यांनी घरोघरी सर्व्हे होतो, देशातली मोजकी शहरं आहेत आणि त्यात आपलं नागपूर आहे. पुढच्या तीन महिन्यांत, वर्षभरात भाव किती वाढतील असं विचारतात. लोक नेहमी खऱ्या आकड्यापेक्षा जास्तच सांगतात, ते त्यांना माहीत असतं, ते बघतात की मागच्या वेळेपेक्षा वर चाललंय की खाली. सगळ्यांना वाटायला लागलं की भाव वाढणारच, तर सगळे आधीच वाढवून मोकळे होतात.

इतवारीचा_दाळवाला
मास्तरांचं बाकी पटलं पण माल कमी पडून भाव वाढले तं तिथे रेपो चालत नाही म्हणता, ते धान्याच्या बाबतीत चुकीचं आहे, टमाटर नासते म्हणून तिथे नसेल चालत. माझं होलसेल दाळीचं दुकान, बँकेची सीसी लिमिट आहे, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज, तिच्यावर व्याज भरतो. व्याज साडेआठ होतं तेव्हा तूर वाढणार असं वाटलं की दोन गाड्या जास्त भरून गोडाऊनला टाकायचो, सगळेच टाकतात, आणि सगळे टाकतात म्हणूनच तूर वाढते, खरं सांगतो. व्याज अकराच्या वर गेलं तं हिशोब बदलला. गाडी तीन महिने ठेवली तं व्याज आणि गोडाऊन भाडं धरून क्विंटलमागं जे निघतं ते भाव वाढून सुटंलच याची गॅरंटी नाही. मग जेवढं विकते तेवढंच मागवतो. म्हणजे तुमच्या रेपोनं तूर पिकत नाही बरोबर आहे, पण गोडाऊनमधून बाहेर येते.

हां आता सरकारनं स्टॉक लिमिट लावली आणि आयातीची ड्यूटी काढली तं त्याचा असर याच्यापेक्षा कितीतरी जास्त, एका आठवड्यात. पण असर नाहीच असं म्हणू नका.

मास्तर_अर्थवाले
मान्य. हे मी वर्गात सांगणार आहे, तुमचं नाव न घेता.

बुटीबोरी_शिफ्ट_बी
बेसा भाऊ, तुमच्या भावाचं मी सांगतो कारण मी तिकडेच प्रॉडक्शनला आहे, कंपनीचं नाव नको. आमच्या मालकाला २०२३ मध्ये नवीन प्रॉडक्शन लाईन टाकायची होती, मशीनचं कोटेशन येऊन पडलं होतं, बँकेनं जो दर सांगितला तो ऐकून साहेब म्हणाले एक वर्ष थांबू. लाईन थांबली म्हणजे काय, कोणाला काढलं नाही, परमनंटला हात लावला नाही, फक्त ओव्हरटाईम बंद आणि कॉन्ट्रॅक्टवाले पोट्टे रिन्यू केले नाही. कागदावर कोणाची नोकरी गेली नाही. ते वीस पोट्टे कोणत्याच बातमीत आले नाही. आता दर उतरले तं लाईनचं पुन्हा बोलून राहिले पण आता नवीन मशीनला माणसंच कमी लागतात, हे कोणाला सांगायचं.

बेसा_रोडवाला
हे वाचून पोटात कालवलं राव. म्हणजे माझ्या भावासारखे पोट्टे मोजून महागाई कमी करतात का?

मास्तर_अर्थवाले
कडू आहे पण पूर्ण खोटं नाही. याची जुनी कथा आहे. न्यूझीलंडचा फिलिप्स नावाचा माणूस, मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, लंडनला अर्थशास्त्रात आला. १९४९ मध्ये त्यानं पाण्याचं एक मशीन बनवलं होतं, टाक्या आणि नळ्या, रंगीत पाणी फिरायचं आणि कर, बचत, आयात सगळं दिसायचं, माझं आवडतं मशीन आहे. त्यानंच १९५८ मध्ये इंग्लंडचे जवळपास शंभर वर्षांचे आकडे मांडून दाखवलं की बेरोजगारी कमी असते तेव्हा पगार जोरात वाढतात आणि उलट. लोकांनी त्याचा अर्थ लावला की थोडी महागाई सोसा, नोकऱ्या मिळतील. १९६७ मध्ये फ्रीडमन नावाचा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ म्हणाला की हे फार दिवस चालत नाही, लोक शहाणे होतात, महागाई धरूनच पगार मागतात, मग महागाई उरते आणि नोकऱ्या परत जातात. १९७० च्या दशकात अमेरिकेत तसंच झालं, दोन्ही एकदम वर. मग १९७९ ला त्यांच्या सेंट्रल बँकेचा प्रमुख म्हणून व्होल्कर आला, व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेला, महागाई मोडली, पण १९८२ च्या शेवटी बेरोजगारी १०.८ टक्के. शेतकऱ्यांनी त्यांच्या सेंट्रल बँकेसमोर ट्रॅक्टर आणले, घरं बांधणाऱ्यांनी निषेध म्हणून लाकडाचे तुकडे पोस्टानं पाठवले. तेव्हापासून जगभरच्या बँकवाल्यांच्या डोक्यात एक भीती बसली आहे, महागाईला वेळेवर धरलं नाही तर नंतर धरायला असे हाल होतात. म्हणून ते थोडं लवकर, थोडं थोडं वाढवतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, आपल्याकडे नोकरी हा शब्द का नाही. अमेरिकेच्या कायद्यात १९७७ पासून दोन्ही आहेत, भाव आणि रोजगार. आपल्याकडे २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचा कायदा बदलला त्यात लिहिलंय भाव स्थिर ठेवायचे, आणि हे करताना विकासाचं उद्दिष्ट ध्यानात ठेवायचं. रोजगार वेगळा लिहिलेला नाही, तो विकासाच्या पोटात आहे असं धरलं. महागाई ४ टक्के, खाली २ वर ६ पर्यंत सवलत. सलग तीन तिमाही बाहेर गेली तर सरकारला पत्र लिहून कारण सांगायचं. २०२२ मध्ये तशी वेळ आली, नोव्हेंबरमध्ये त्यासाठी खास बैठकही झाली, पत्र मात्र तुम्हाआम्हाला कोणी दाखवलं नाही.

आणि समजा लिहिलं असतं रोजगार, तर मोजला कसा असता? तुमचा भाऊ मामाच्या दुकानात बसतो ना, पगार देतो का मामा?

बेसा_रोडवाला
चहा आणि पेट्रोल देते.

मास्तर_अर्थवाले
तरी तो बेरोजगार नाही. सरकारच्या सर्व्हेत आठवड्यात एक तास काम केलं तरी आठवड्याच्या हिशोबानं माणूस कामावर धरतात, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत केली तरी. म्हणून २०२३-२४ चा या हिशोबाचा आकडा ४.९ टक्केच दिसतो, आपल्याकडे हातावर हात धरून बसणं परवडतंच किती लोकांना? आणि पूर्ण देशाचा महिन्याचा आकडा तर २०२५ पासून यायला लागला, त्याआधी वर्षातून एकदा आणि शहरांचा तिमाही. वर्षभर जुन्या आकड्यावर दोन महिन्यांनी निर्णय कसा घेणार. मग ते विकासदर बघतात, गाड्यांची विक्री, कारखान्यांची किती क्षमता वापरात आहे, बँकांचं कर्जवाटप, असं सगळं. तुमचा भाऊ त्यात कुठेतरी आहे, पण नावानं नाही. हे मला स्वतःला आवडत नाही, पण हातोडी एक आणि खिळे तीन अशी गत आहे त्यांची.

धंतोली_काका
३४ वर्षं बँकेत काढली, आता रिटायर. सगळे हप्त्यावर बोलून राहिले, आमच्या एफडीवर कोणी बोलत नाही. २०२०-२१ मध्ये एफडी साडेपाचवर आली होती आणि महागाई सहाच्या वर, म्हणजे दर वर्षी माझं मुद्दल झिजत होतं आणि पासबुकात मात्र वाढताना दिसत होतं. तेव्हाचे गव्हर्नर राजन साहेबांनी २०१६ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या नावानं जे व्याख्यान होतं त्यात डोशाचं उदाहरण देऊन हेच समजावलं होतं, व्याज किती आलं ते नाही, त्या व्याजात डोसे किती येतात ते मोजा. देशमुख म्हणजे आरबीआयचे पहिले भारतीय गव्हर्नर, त्यांची आयसीएसची नोकरी आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातच सुरू झाली होती, हे आजच्या पोरांना माहीत नसतं म्हणून सांगून ठेवतो.

बरं, हे लोक बसून काय पाहतात असा प्रश्न होता. त्यांच्या बैठकीचं इतिवृत्त चौदाव्या दिवशी वेबसाईटवर येतं, मी वाचतो, दुसरं काम काय. सगळ्यात मजेदार डिसेंबर २०२४ चं. ऑक्टोबरची महागाई ६.२१ आली, पट्ट्याच्या वर. आणि त्याच सुमारास विकासदर आला ५.४, सगळ्यांच्या अंदाजापेक्षा फार खाली. आता एकाकडे बघून दर वाढवायचा आणि दुसऱ्याकडे बघून कमी करायचा. दिल्लीचे मंत्री जाहीर बोलले की व्याज कमी करा, भाजीपाल्याकडे बघू नका. दर ठरवणाऱ्या समितीचे सहा जण बसले, चार म्हणाले थांबा, नागेश कुमार आणि राम सिंग म्हणाले पाव टक्का कमी करा. रेपो तसाच राहिला पण सीआरआर, म्हणजे बँकांना ठेवींतला जो हिस्सा आरबीआयकडे ठेवावाच लागतो तो, साडेचारचा चार केला, म्हणजे बँकांकडे पैसा मोकळा केला, पण दर कमी केला असा संदेश नाही दिला. आमच्या भाषेत याला म्हणतात मुलाला ओरडायचं आणि मागून आईच्या हातून दहा रुपये द्यायचे. मग फेब्रुवारीपासून उतरायला लागले, २०२५ च्या डिसेंबरपर्यंत ५.२५.

मला विचाराल तर तेव्हा थांबले ते बरोबर केलं, पण बुटीबोरीच्या भाऊंचं वाचून तेवढं छातीठोकपणे म्हणवत नाही.

सिधी_बात_नागपूर
एवढं पुराण कायले. व्याज सरळ ३ टक्के करून टाका, धंदे वाढतील, माल जास्त बनेल, माल जास्त तं भाव कमी. हे एसीत बसणारे लोक उलटं करून राहिले.

इतवारीचा_दाळवाला
३ टक्क्यावर मला लिमिट दे, मी अख्खं कळमना मार्केट उचलून गोडाऊनला टाकतो. मग सांग भाव कमी झाले की नाही.

मास्तर_अर्थवाले
तुर्कस्ताननं केलं होतं. २०२१ मध्ये दर १९ वरून १४ वर आणला, म्हणाले व्याजामुळेच महागाई होते. लिरा गडगडला, आयात महागली, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांची सरकारी महागाई ८५ टक्क्यांच्या वर. पुढे २०२४ मध्ये व्याजदर ५० वर न्यावा लागला. आपण कच्चं तेल, खायचं तेल बाहेरून घेतो, रुपया पडला की ते आधी तुमच्या कढईत दिसतं.

सिधी_बात_नागपूर
ठीक आहे ३ नाही ४.

तर्री_मार_के
हा आता भाजीवाल्यासारखा घासाघीस करून राहिला 😂

बेसा_रोडवाला
सगळ्यांना धन्यवाद, बरंच कळलं, अर्धं उद्या पुन्हा वाचीन. विकासदर ८.२ आणि भाऊ घरी याचं उत्तर अजून पूर्ण बसलं नाही मास्तर.

मास्तर_अर्थवाले
कारण ते उत्तर आरबीआयकडे नाहीच. व्याजानं मालक लाईन कधी टाकेल ते थोडं हलतं, त्या लाईनवर माणूस लावेल की रोबो, आणि डिप्लोमात मुलाला त्या मशीनवर हात चालवायला शिकवलं का, यात रेपो काही करत नाही. भावाला सीएनसीचा किंवा पीएलसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा, कोर्स करायला सांगा, हा अर्थशास्त्राबाहेरचा सल्ला.

बुटीबोरी_शिफ्ट_बी
पीएलसी सांगा. आमच्याकडे त्याचेच लोक मिळत नाही. मला मेसेज करा, बायोडाटा एचआरला देऊन देतो, शब्द नाही देत.

बेसा_रोडवाला
करतो भाऊ, आत्ताच. काका एक शेवटचं, रेपो सव्वा टक्का उतरला, माझ्या बँकेनं हप्ता २७ हजारच ठेवला. वाढला तेव्हा लगेच वाढवला होता. फोन केला तं म्हणतात मुदत कमी केली. हे बरोबर आहे का?

धंतोली_काका
मुदत खरंच कमी केली असेल तर तुमचं नुकसान नाही, उलट एकूण व्याज कमी जाईल. पण तोंडी विश्वास ठेवू नका. लोन स्टेटमेंट काढा, आजचा व्याजदर किती आणि हप्ते किती उरले ते दोनच आकडे पहा. रेपोला जोडलेलं लोन असेल तर तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलायलाच हवा, त्याची तारीख सँक्शन लेटरमध्ये असते. हातात पैसा कमी पडत असेल तर हप्ता कमी करून मागता येतो, अर्ज द्या. आणि रेपोच्या वर जे मार्जिन लावलंय ते नवीन ग्राहकाला किती आहे तेही विचारा, तिथे बहुतेक गडबड सापडेल. सकाळी अकराच्या आत जा, लंचनंतर कोणी धड बोलत नाही, मीही बोलत नव्हतो.

बेसा_रोडवाला
ठीक आहे काका, सोमवारी जातो.